वर्गातली दुसरी मुलगी

खामगावच्या कॉलेजात सायन्सच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि मला ते फार आवडत असे. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हे कबूल केलं नसतं. म्हटलं असतं, कसंतरीच होतं बाई, एवढ्या मुलांत एकटीनं बसायचं. पण सकाळी पहिल्या तासाला मी दारातून आत शिरले की वर्गातली बडबड खाली यायची. पुढचा बाक माझ्यासाठी रिकामा असायचा. ग्रंथालयाशेजारी मुलींसाठी एक लहानशी खोली होती, तिची किल्ली शिपायानं माझ्याकडेच देऊन ठेवली होती, कारण आर्ट्सच्या मुली दुपारी यायच्या आणि सकाळी मीच तेवढी असायचे. माझे वडील खामगाव स्टेशनात पार्सल बाबू होते. जलंबच्या गाडीनं जाणारे व्यापारी त्यांना विचारायचे, "बाबू, तुमची पोरगी सायन्सले आहे म्हंतात?" बाबा नुसतं हाव म्हणायचे आणि पावती फाडायचे. घरी आल्यावर मात्र कोणी कोणी विचारलं ते जेवताना सांगायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मराठी शाळेतून आलेली मी, कॉलेजात सगळी पुस्तकं इंग्रजी. ती मी पाठ करत असे. प्री-युनिव्हर्सिटी अशीच पाठांतरावर चांगल्या मार्कांनी पास झाले होते, आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाही तेच चालेल अशी माझी समजूत होती.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर ती आली. वय पंचवीस-सव्वीस, गळ्यात काळी पोत, हातात हिरव्या बांगड्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मला आधी वाटलं, कुणा प्राध्यापकांच्या घरची असेल. ती सरळ माझ्या बाकाशी आली आणि म्हणाली, "थोडं सरकतेस का गं?" आणि बसली.

तिचा नवरा बांधकाम खात्यात होता, त्याची देऊळगाव राजाहून इकडं बदली झाली होती. लग्नाआधी औरंगाबादला मामाकडं राहून ती एक वर्ष कॉलेजात शिकली होती. मग पाच वर्षं काही नाही. आता नवऱ्यानंच फॉर्म आणून दिला होता. हे तिनं मला पहिल्याच दिवशी, तास संपायच्या आत, कुजबुजत सांगून टाकलं. मुलांनी तिला दुसऱ्या दिवसापासून वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि तिनं ते चालवून घेतलं. मग मीही वहिनीच म्हणू लागले.

मुलं तिच्याशी बोलत. ही गोष्ट मला पहिल्यांदा बोचली. माझ्याशी वर्षभरात कुणी धड बोललं नव्हतं, आणि तो मी माझा मान समजत होते. वहिनीला मात्र मुलं सरळ विचारत, "वहिनी, कालचं गणित आलं काय हो?" आणि ती वही उघडून दाखवत असे. मुलींच्या खोलीतही तिनं पहिल्या आठवड्यात खिडकीत माठ आणून ठेवला. आर्ट्सच्या मुली तिच्याभोवती बसू लागल्या. किल्ली अजून माझ्याकडेच होती, पण खोली तिची झाली होती.

दिवाळीच्या आधी फिजिक्सच्या सरांनी स्थिर समतोलाची गणितं घेतली. एक दांडी भिंतीला बिजागरीनं जोडलेली. लांबी सहा फूट, वजन दहा पौंड. तिच्या मोकळ्या टोकाला वीस पौंडांचं ओझं टांगलंय. दांडी आडवी राहावी म्हणून त्याच टोकापासून वर भिंतीपर्यंत दोरी बांधली आहे, दांडीशी तीस अंशांचा कोन करणारी. दोरीतला ताण किती?

सरांनी मला फळ्याशी बोलावलं. मला पाठ होतं ते मी मांडायला लागले. बिजागरीचा आडवा जोर, बिजागरीचा उभा जोर, दोरीचा आडवा भाग, दोरीचा उभा भाग, सगळ्यांना अक्षरं दिली. वर जाणाऱ्यांची बेरीज खाली जाणाऱ्यांइतकी: बिजागरीचा उभा जोर अधिक अर्धा ताण बरोबर तीस. इथवर बरोबर होतं. मग मोमेंट घ्यायचा. मोमेंट म्हणजे एखाद्या बिंदूभोवती फिरवण्याची ताकद, बल गुणिले त्या बिंदूपासूनचं लंब अंतर. पुढं मराठी पुस्तकांत त्याला आघूर्ण म्हणू लागले, आणि आता मुलं टॉर्क म्हणतात. मी तो दांडीच्या मध्यावर घेतला, कारण पुस्तकातल्या एका उदाहरणात मध्यावर घेतला होता. बिजागरी वर ढकलते, दोरीही वर ओढते, म्हणून दोन्ही एका बाजूला लिहिले. उत्तर आलं: बिजागरीचा उभा जोर अधिक अर्धा ताण बरोबर वीस.

फळ्यावर एका ओळीत तीस होते आणि खालच्या ओळीत वीस. मी खडू धरून उभी राहिले. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "दहा पौंड कुठी गेले बे?" आणि वर्ग हसला. माझ्याकडं बघून वर्ग पहिल्यांदाच हसला होता.

सर म्हणाले, "बसा तुम्ही. कोण करून दाखवतं?"

वहिनी उठली. तिनं माझं काही पुसलं नाही, कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत लहानशी आकृती काढली. बिजागरीवर एक ठिपका दिला.

"सर, बिजागरीचे जोर आपल्याला कुणी विचारलेच नाहीत," ती म्हणाली. "मग तिथंच उभं राहायचं. त्यांचं अंतर शून्य, मोमेंट शून्य. ते गेले."

मग तिनं दोरीचे भागही केले नाहीत. बिजागरीपासून दोरीवर सरळ लंब टाकला. सहा फुटांचा कर्ण, तीस अंशांचा कोन, म्हणून लंब तीन फूट. ताण गुणिले तीन बरोबर वीस गुणिले सहा अधिक दहा गुणिले तीन. दीडशे भागिले तीन. पन्नास पौंड.

एकच ओळ होती. सरांनी ती ओळ बघितली, मग माझं अर्धा फळा भरलेलं काम बघितलं. म्हणाले, "आधी काय नको आहे ते बघायचं असतं." ते मला म्हणाले की सगळ्यांना, हे कळलं नाही. मी ते मला म्हणाले असंच धरलं. बाकावर परत आल्यावर वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं सगळं बरोबर होतं बघ, फक्त एक चिन्ह चुकलं. एवढं कशाला मांडत बसायलीस?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन-तीन जणांना ऐकू जाईल असं आर्ट्सच्या एका मुलीला सांगितलं, की वहिनीचा नवरा बांधकाम खात्यातला आहे, तो घरी सगळी गणितं करून देतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण बोलल्यावर माझा मलाच विश्वास बसला, आणि दोन दिवसांत वर्गभर झालं. माझं मन जरा थंडावलं.

घरी वेगळंच सुरू झालं होतं. मलकापूरच्या एका स्थळाकडून बोलणं आलं होतं. याआधी असं काही आलं की मी म्हणत असे, शिक्षण होऊ द्या, आणि बाबा माझ्या बाजूनं गप्प राहत. आता मायला नवं कारण सापडलं.

"पाह्य, तुह्या वर्गातली ते बाई," माय म्हणाली. "लगन होऊन पाच साल झाले तरी शिकूनच राह्यली ना? मंग तुले काय होते? लगन झाल्यावर कोन मना करते?"

"ते येगळं आहे माय."

"काऊन येगळं? ते बाई नाही का?"

बाबा ताटाकडे बघत होते, पण या वेळी ते माझ्या बाजूनं गप्प होते असं वाटलं नाही. वर्गातली माझी जागा तर तिनं घेतलीच होती, आता घरातलं माझं एकुलतं एक कारणही ती घेऊन गेली, असं मला वाटलं. मला तिचा इतका राग आला की ती उद्या कॉलेजात येऊ नये, असं मी मनात मागितलं.

त्या रविवारी सकाळी मायनं मला तिच्याकडं पाठवलं. काय तर, हिरव्या मिरच्यांचं लोणचं नेऊन दे, ओळख राहू दे. तिची खोली बाजारापलीकडं होती. दार उघडंच होतं. वहिनी जमिनीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होती. तिच्यासमोर तिचा नवरा मांडी घालून बसला होता, मांडीवर वही, कानाला पेन्सिल. खात्याची परीक्षा देऊन त्याला वरच्या जागेवर जायचं होतं, हे मला मागाहून कळलं.

तो म्हणत होता, "इथं तीन अनोळखी येतात. तीन समीकरणं लागणार."

"लागत नाहीत," वहिनी पानं खुडता खुडता म्हणाली. "तुम्ही पुन्हा भलत्या बिंदूवर उभे राहायलात. दोन बलं ज्या बिंदूतून जातात तो शोधा आधी."

तो खाली बघून शोधू लागला. मी दारात आहे हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. तो हसला आणि म्हणाला, "या या. बघा, आमच्या मास्तरीणबाई." लाज नाही, काही नाही. मी लोणचं ठेवलं आणि चहा न घेता निघाले.

मी जे वर्गभर पसरवलं होतं ते खोटं निघालं, आणि त्याच्या उलट खरं निघालं. असं दिसल्यावर माणसाला शरम वाटायला हवी. मला वाटली नाही. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढं तो वही मांडीवर घेऊन बसलेला माणूस होता. बायकोकडून शिकणारा नवरा मी तोवर बघितला नव्हता. मलकापूरचा मुलगा तसा असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला डोकंही मिळालं, आणि ते डोकं चालवू देणारं घरही मिळालं. दोन्ही तिलाच का? सोमवारी वर्गात मी कुणालाही काही दुरुस्त करून सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनीला सासूचं पत्र आलं. तिची चार वर्षांची मुलगी देऊळगावला सासूकडं राहत होती, तिला गोवर निघाला होता. वहिनीला मूल आहे हेच मला तेव्हा कळलं. शुक्रवारी दुपारी ती पिशवी घेऊन मुलींच्या खोलीत आली. तिला दोनची बस गाठायची होती.

"टर्मिनल परीक्षेचं टाइमटेबल लागलं का गं? मी ऑफिसाकडं जात बसत नाही आता. पहिला पेपर फिजिक्सचाच ना, कधी आहे?"

टाइमटेबल सकाळी लागलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. फिजिक्स सोमवारी होतं.

"बुधवारी," मी म्हटलं.

"मग मंगळवारपर्यंत येते," ती म्हणाली आणि गेली.

मी ठरवून बोलले नव्हते. शब्द तोंडातून गेला, आणि नंतर तो परत घ्यायला मला पुष्कळ वेळ होता. बस स्टँड कॉलेजपासून दहा मिनिटांवर होता. मी खोलीत बसून राहिले, घड्याळात दोन वाजलेले बघितले, मग कुलूप लावून घरी गेले.

सोमवारी पेपर झाला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बुधवारी ती धुतलेली साडी नेसून, पेनात शाई भरून आली. सरांनी तिला बोलावून विचारलं तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. ती म्हणाली, "सर, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मुलगी आजारी होती, लक्ष नव्हतं." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती मला वाचवत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही.

सर कडक होते, पण ते म्हणाले, तोच पेपर आज देऊन टाका. मग त्यांची पंचाईत झाली, कारण त्यांना वर्गावर जायचं होतं आणि बाईमाणसाला ऑफिसात कारकुनांमध्ये बसवणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, "मुलींच्या खोलीत घेऊन जा. तुम्ही समोर बसा, दोन तास."

अशी मी तिच्या समोर बसले, तिच्यावर पहारा करायला.

तिसरा प्रश्न शिडीचा होता. तेरा फुटांची शिडी, वजन अठ्ठेचाळीस पौंड, गुळगुळीत फरशीवर उभी करून गुळगुळीत भिंतीला टेकवलेली. पाय भिंतीपासून पाच फूट, डोकं बारा फूट उंच. पाय घसरू नये म्हणून भिंतीच्या बुडापासून पायाला आडवी दोरी बांधलेली. दोरीतला ताण काढा. मी सोमवारी त्यात सवयीनं पुन्हा शिडीचा मध्य घेतला होता. दोन पानं लिहिली आणि उत्तर वीस काढलं. बाहेर आल्यावर मुलांकडून कळलं, दहा येतं. दोरीचा मोमेंट लिहायचाच राहून गेला होता.

वहिनीनं शिडी काढली. फरशी शिडीला सरळ वर ढकलते, ती रेघ वाढवत वर नेली. भिंत शिडीला आडवं ढकलते, ती रेघ भिंतीपासून लांब वाढवली. दोन्ही रेघा शिडीच्या बाहेर, पायाच्या बरोब्बर वर बारा फुटांवर, एकमेकींना मिळाल्या. तिथं तिनं ठिपका दिला. त्या ठिपक्याशी शिडी नव्हती, भिंत नव्हती, काहीच नव्हतं.

मी पहारेकरी आहे हे विसरून मी विचारलं, "हवेत घेतेस? तिथं तर काहीच नाही."

"नसेना का," ती मान वर न करता म्हणाली. "मोमेंट कुठंही घेता येतो. आपल्याला नकोत ती दोन बलं जिथं भेटतात तिथं घ्यायचा. मग उरलं काय? वजन आणि दोरी."

अठ्ठेचाळीस गुणिले अडीच, भागिले बारा. दहा.

ते कळलं तेव्हा मला आनंद झाला, हे मला लिहायलाच हवं. इतके दिवस मी बिंदू दांडीवर शोधत होते, शिडीवर शोधत होते, आणि तो कुठंही घेता येत होता. तो आनंद काही क्षण टिकला. मग दिसलं की हे मला तिनं शिकवलं, ज्या पेपरात मी तिला बुडवायला निघाले होते त्याच पेपरात शिकवलं, आणि माझा मत्सर होता त्याहून वाढला. तिला त्या पेपरात वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मायनं तिला मुद्दाम बोलावलं. मलकापूरची माणसं पुढच्या महिन्यात मला बघायला येणार होती आणि मायला साक्षीदार हवा होता. बाकीच्या बायका गेल्यावर मायनं तिला बसवून घेतलं.

"तूच सांग हिले," माय म्हणाली. "लगन झाल्यावर शिकता येते का नाही?"

मी आतल्या दारात तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. वहिनी म्हणाली, "काकू, माझ्याकडं बघून हिचं ठरवू नका. माझी पोर सासूबाईंनी ठेवून घेतली म्हणून मला इथं येता आलं. मागच्या खेपेला गेले तर ती मला मावशी म्हणाली. पाच वर्षं मी पुस्तक उघडलं नव्हतं. मला जमायलंय ते नशिबानं. हिला सलग शिकू द्या, मग काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मलकापूरला पत्र टाकलं की परीक्षेनंतर बघू. ती माणसं थांबली नाहीत, त्या मुलाचं लग्न त्याच वैशाखात दुसरीकडं झालं. माझं शिक्षण वाचलं ते तिच्या चार वाक्यांनी. ते मी बाबांकडून, मायकडून इतक्या वर्षांत मिळवू शकले नव्हते. मी तिचे आभार मानले नाहीत. त्यानंतर माय घरात येता-जाता म्हणत असे, "किती समजदार बाई आहे ते," आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जात असे.

परीक्षेत तिला पहिला वर्ग मिळाला, मला दुसरा. तिचा नवरा खात्याची परीक्षा पास झाला आणि त्यांची अमरावतीकडं बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली. मायच्या पाया पडली. मी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले आणि मनाचा हिय्या करून म्हटलं, "वहिनी, तो टर्मिनलचा दिवस..."

"अगं, ते काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात पोरीचा ताप होता. मी नीट ऐकलंच नसेल."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते बोलले नाही. तिनं माझा हात दाबला आणि ती गेली.

मी पुढं बी.एस्सी. झाले, बी.टी. केलं, आणि मेहकरच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायला लागले. पुष्कळ वर्षांनी पेपर तपासायला अमरावतीला गेले होते, तेव्हा शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेनं बोलता बोलता तिच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या बाईंचं कौतुक केलं. मूळच्या देऊळगाव राजाच्या, म्हणाली, मुलगी जवळ असते, एम.एस्सी. त्यांनी नोकरी करता करता केलं. मला वहिनीचा तोच जुना हेवा वाटला. मी तिशीची होते, माझी स्वतःची दोन मुलं होती, नोकरी होती, आणि तरी वाटला. मी पत्ता मागून घेतला.

घरी येऊन मी तिला पत्र लिहिलं. सोमवार आणि बुधवारचं सगळं लिहिलं, नवरा गणितं करून देतो असं मीच पसरवलं तेही लिहिलं. तीन वेळा फाडून चौथ्यांदा टपालात टाकलं.

पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. मुलगी मॅट्रिकला बसली आहे, नवऱ्याला मधुमेह निघाला आहे, माय कशी आहे, तू कोणत्या इयत्तांना शिकवतेस, सुट्टीत ये, चार दिवस राहा. त्या सोमवारबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि सुट्टीत गेले नाही.